खलात घोटलेलं औषध

शामला बखलेला कचेरीत सगळे दोन गोष्टींसाठी ओळखत: तिची रेघ आणि तिची जीभ. रेघेत कुणाला कधी खोट सापडली नाही आणि जिभेला कुणाला कधी लगाम घालता आला नाही. ग्वाल्हेरच्या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी कचेरीत ती सव्वीस वर्षं ट्रेसर होती. फाटायला आलेला जुना गावनकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणायचं, आणि तीच हद्द, तोच नाला, तीच विहीर शाईनं पुन्हा काढायची. हद्दी पट्टीनं निघतात. नाल्याला पट्टी चालत नाही. तो हातानंच काढावा लागतो, आणि तोही श्वास रोखून, कारण श्वास सोडला की हात हलतो आणि हात हलला की कुणाचं तरी शेत दुसऱ्याच्या गावात जातं. शामलाचे नाले बघायला इतर विभागांतली माणसं येत, पण तोंडावर तारीफ करायची हिंमत कुणाची होत नसे.

वय एकोणपन्नास, आणि हजेरीपटावर अजून 'कुमारी'. तीन स्थळं तिनं नाकारली होती, चौथ्यानं तिला नाकारलं, आणि त्याचा राग ती जन्मभर पहिल्या तिघांवर काढत राहिली. माधवगंजात वडिलांनी, गोविंदरावांनी, मागे ठेवलेल्या घरात वरची उत्तरेकडची खोली तिची. खिडकीशी नकाशाचं उतरतं टेबल, भिंतीला खाट, आणि दाराला आतून कडी. खाली मोठा भाऊ मधुसूदन, ज्याला सगळी गल्ली नाना म्हणे, आणि त्याची बायको कुमुदिनी. त्यांचा मुलगा पुण्यात होता आणि फोनवर हिंदीत बोलत असे.

नानांचे आजोबा दरबारात पुरोहित. नाना स्वतः बँकेतून निवृत्त झालेले, पण निवृत्तीनंतर त्यांना एकाएकी आजोबांची आठवण झाली आणि घरात सोवळं सुरू झालं. ते सांभाळायचं काम अर्थातच त्यांचं नव्हतं, ते कुमुदिनीवहिनींचं होतं. वहिनींचं आणि शामलाचं अठ्ठावीस वर्षं एका छताखाली असं जमलं होतं की मीठ, पाणी आणि गॅसचा सिलिंडर यांपलीकडे बोलणं जात नसे. भांडण म्हणाल तर एकही नाही. भांडायला निदान समोरासमोर बसावं लागतं.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात शामलाला काहीतरी झालं. कारण कुणालाच सांगता आलं नाही, तिला स्वतःलाही नाही. कचेरीतल्या शिपायानं एकदा तिच्या ताणलेल्या नकाशावर चहाचा कप ठेवला, आणि ती काही बोलली नाही. नुसती त्या कपाकडे बघत बसली. त्या दिवशी सगळा विभाग घाबरला. पुढे ती वेणी घालेनाशी झाली, पानात वाढलेलं तसंच ठेवून उठू लागली, आणि रविवारी दिवसभर कडी लावून भिंतीकडे तोंड करून पडू लागली. जगायचं तरी कशाला, असा विचार तिच्या मनात आला आणि तो रोज येऊ लागला तेव्हा ती स्वतःच घाबरली. सप्टेंबरच्या शेवटी कुणाला न सांगता ती सवाऱ्यांच्या टेम्पोत बसून शहराच्या सिटी सेंटर भागात गेली आणि मनाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून आली. हे काम तिनं एकटीनं केलं, याचा तिला पुढेही अभिमान वाटे.

डॉक्टर तरुण होता, हिंदी बोलणारा, आणि बाहेर वीस माणसं बसलेली. त्यानं विचारपूस नीट केली, हे मान्य करायला हवं. कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी एक, न चुकता, आणि मनानं बंद करायची नाही.

कॅप्सूल घरात आली आणि नानांच्या हाती पडली. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावला, चप्पल घातली आणि माधवगंजातल्या औषधवाल्याकडे जाऊन चौकशी करून आले.

"शामे, ही वरची खोळ आहे ना, ती हड्डीची असते," ते दारातूनच म्हणाले. "जनावराच्या हड्डीची. मी विचारून आलोय. या घरात हे नाही चालणार."

एरवीची शामला असती तर तिनं त्यांच्यासमोर दोन कॅप्सूल गिळल्या असत्या आणि वर पाणी मागितलं असतं. पण तेव्हा तिच्यात भांडायचं बळच नव्हतं. "मग नाही घेत," एवढंच ती म्हणाली आणि जिना चढू लागली. ते ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"थांबा. खोळ फेकून देऊ. आतलं औषध तर औषधच आहे ना?"

वहिनींचे आजोबा झाशीला वैद्य होते. त्यांचा काळ्या दगडाचा, होडीच्या आकाराचा खल वहिनींनी सासरी आणला होता आणि मुलाच्या मात्रा त्यातच घोटल्या होत्या. वहिनींनी कॅप्सूल उघडली. आत खसखशीएवढे पांढरे दाणे निघाले. खोळ नानांनी वर्तमानपत्राच्या कपट्यात धरून बाहेर नेऊन टाकली. दाणे खलात पडले, वर चमचाभर मध, आणि वहिनी बत्ता फिरवू लागल्या. औषध जितकं घोटावं तितकं अंगी लागतं, असं त्यांचे आजोबा सांगत, म्हणून त्या मोजून एकशे आठ वेळा बत्ता फिरवत. शेवटी दाण्याचा मागमूस उरत नसे.

"चाटून घ्या, वन्सं. खल पुसून घ्या बोटानं. फालतूमध्ये वाया नको जायला."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला हाच विधी. डॉक्टरला हे सांगावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. औषध पाण्याबरोबर घेतो हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

औषध लागू पडलं. महिन्याभरात शामलाची वेणी परत आली, भूक परत आली, आणि दिवाळीच्या आधी शिपायाला तिनं चहाच्या कपावरून असं काही सुनावलं की तो बिचारा आनंदानं सगळ्यांना सांगत फिरला. पण जे आलं ते एकटं आलं नाही. सकाळी आठपासून पोटात ढवळायचं. छाती धडधडायची. ग्वाल्हेरच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सगळी कचेरी शाली गुंडाळून बसलेली असताना हिच्या पाठीवरून घाम वाहायचा. जबडा आपोआप आवळला जायचा, तोंडाला कोरड पडायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उजवा हात थरथरायचा. दुपारी दीडपर्यंत पेन धरता यायचं नाही. दुपारनंतर जरा बरं, आणि मग पहाटे, अजून औषध घ्यायचं असताना, डोळे इकडचे तिकडे फिरवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं.

ती डॉक्टरकडे गेली. प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून कागद बघत राहिला.

"सुबह लेती हैं?"

"हो. शहद के साथ."

"ठीक है. कुछ खा के लीजिए. ये साइड इफेक्ट हैं, अक्सर दो-तीन हफ्ते में कम हो जाते हैं."

तीन आठवडे झाले, पाच झाले. कमी झाले नाहीत. त्यानं कंप कमी व्हायला आणखी एक गोळी दिली. तीही नानांनी खलात घालायला लावली. गोळीला खोळ नव्हती, हाडं नव्हती, पण एकदा रीत पडली की पडली. शामला दर वेळी क्लिनिकमधून अशी बाहेर पडे की कंपाउंडर दार उघडून आधीच बाजूला उभा राही.

एकदा तिनं चिडून दोन दिवस औषध बंद करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओकाऱ्या झाल्या, डोक्यातले झटके मिनिटामिनिटाला येऊ लागले, आणि मुळा चिरताना ती हुंदके देऊन रडली. मुळ्यासाठी आपण रडतो आहोत हे पाहून तिची तिलाच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं खलासमोर बसली.

याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, राज्याचे दोन तुकडे झाले होते. पूर्वेकडचे जिल्हे मिळून नवं राज्य झालं, राजधानी रायपूर. तिकडच्या गावांचे नकाशे बासनांत बांधून पाठवायचे होते, आणि नकाशांबरोबर काही माणसंही. कुणाची नावं जाणार यावरून कचेरीत दुसरं कामच होईना. जे लोक कालपर्यंत एकमेकांच्या डब्यात हात घालत होते ते एकमेकांच्या चुका टिपून ठेवू लागले.

ट्रेसरांची नावं सुचवायचं काम हेड ड्राफ्ट्समन मानसिंगरावांकडे होतं. यांचं घराणं शिपाईगडी, मिशा अजून तशाच, आणि शामलावरचा राग वीस वर्षांचा. तेव्हा एका मोठ्या साहेबासमोर तिनं त्यांनी काढलेली गावशीव चुकीची ठरवली होती आणि तिथल्या तिथे ब्लेडनं खरवडून दाखवली होती. तिचं बरोबर होतं, म्हणून तर त्यांना विसरता आलं नाही.

डिसेंबरात तिच्या हातून तो नाला बिघडला. बिलासपूरकडचं एक गाव होतं. पेन थरथरलं, शाई फुटली, आणि नाला शेजारच्या गावात शिरला. तिनं ब्लेड घेतलं, पण ब्लेडही थरथरत होतं. कापडाला भोक पडलं. मानसिंगराव भिंग घेऊन आले. आता सगळा विभाग ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही.

"शामलाबाई, हा नाला आहे की गांडूळ?"

"तुमच्या शिवेपेक्षा सरळ आहे," ती म्हणाली. पण बोलताना हात पदराखाली घातला होता, आणि तो त्यांनी पाहिला.

"पंधरा जानेवारीला प्रत्येक ट्रेसरनं माझ्यासमोर एकेक नाला काढायचा. सकाळी अकरा वाजता. ज्याचा हात चालत नाही त्याचं नाव रायपूरच्या यादीत."

"हात न चालणारी माणसं रायपूरला काय करायचीत?"

"तिकडं हात नाही बघत, बाई. डोकी मोजतात."

ते हसले, आणि त्यांच्याबरोबर हसणं भाग असलेले दोघे-तिघेही हसले. शामला त्या दिवशी जेवली नाही. रायपूरला ती भीत नव्हती. चांगलं काम करणारी म्हणून कुणी बोलावली असती तर कदाचित गेलीही असती. पण घरातली तुटकी खुर्ची दुसऱ्याच्या गळ्यात घालतात तसं आपल्याला घालणार, सव्वीस वर्षांच्या नाल्यांवर या एका भोकाची मोहोर बसणार, आणि उत्तरेच्या खिडकीजवळचं ते टेबल सोडून एकोणपन्नासाव्या वर्षी परक्या गावात थरथरता हात घेऊन बसायचं, हे तिला सहन होईना. औषध सोडावं तर तो उन्हाळा परत येणार. औषध घ्यावं तर हात जाणार. दोन्हींतलं एक निवडायला लावणाऱ्या सगळ्यांचा तिला विलक्षण संताप आला: डॉक्टरचा, मानसिंगरावांचा, नानांचा, आणि काहीच न करणाऱ्या वहिनींचाही.

संतापाला तिला एकच काम देता येई. जानेवारी लागला तशी तिनं ट्रेसिंगच्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि रोज दर तासाला एका पट्टीवर तोच एक नाला काढायला सुरुवात केली. तीच वळणं, तीच लांबी, बाजूला तारीख आणि वेळ. या डॉक्टरला शब्द कळत नाहीत तर रेघा तरी कळतील, असा हिशेब. नऊची रेघ करवतीसारखी, अकराची करवतीसारखी, दोनची जरा बरी, संध्याकाळी पाचची जवळजवळ माणसात आलेली. सात दिवसांत नव्वदच्या वर पट्ट्या झाल्या, आणि सगळ्या एकच गोष्ट सांगत होत्या.

आठ तारखेला, सोमवारी, वहिनी झाशीला गेल्या. त्यांच्या भावाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना खल धुऊन, पुसून, मधाची बाटली शेजारी ठेवून गेल्या.

"एकशे आठ, वन्सं. कमी नको."

शामला 'हो' म्हणाली आणि त्याच सकाळी कॅप्सूल पर्समध्ये टाकून कचेरीत गेली. ते घोटत बसणं तिच्याकडून होणार नव्हतं. साडेदहाला पाण्याचा ग्लास मागवला आणि तिनं कॅप्सूल अख्खी गिळली, हाडांसकट. पाप वगैरे काही वाटलं नाही. उलट नानांच्या नाकावर टिच्चून केल्याचा असा काही आनंद झाला की दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं, आणि तिसऱ्याही. दर तासाची रेघ सवयीनं चालूच होती. कंपाची गोळी मात्र ती नियमानं पाण्याबरोबर घेत होती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. डॉक्टरकडे न्यायला म्हणून तिनं खिडकीशी टेबलावर सगळ्या पट्ट्या तारखेनं मांडल्या. वरच्या ओळीत गेला आठवडा, खालच्या ओळीत हा. आणि तिचा हात तिथेच थांबला.

खालच्या ओळीत सोमवार जरा वेडावाकडा होता. मंगळवार बरा. बुधवारची अकराची रेघ तिनं उजेडाकडे धरून पाहिली, मग भिंगाखाली. गुरुवारी नाला होता तसा वाहत होता. शुक्रवारची अकराची रेघ तिनं पाच वर्षांपूर्वी काढली असती तर तशीच आली असती. रेघांकडे बघण्याच्या नादात स्वतःच्या अंगाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं: तीन दिवसांत ढवळलं नव्हतं, पहाटेचे झटके नव्हते. औषध तेच, गोळी तीच, मध सोडला तर सगळं तेच. फक्त वहिनी नव्हत्या आणि खल नव्हता.

आधी तिला एवढा आनंद झाला की ती उभी राहिली. आणि मग, लगेच, दुसरा आनंद झाला, जो तितकासा चांगला नव्हता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा वहिनी तिच्या हातात सापडल्या होत्या, पुराव्यासकट, तारीख आणि वेळ घालून.

डॉक्टरनं पट्ट्या पाहिल्या, मग तिचं बोलणं ऐकलं, आणि त्याच्या हातातून पेन टेबलावर पडलं.

"आप पीस के खा रही थीं? तीन महीने से?"

ते दाणे मुद्दाम तसे केलेले असतात, त्यानं सांगितलं. पोटात दिवसभर हळूहळू विरघळावेत म्हणून. ते घोटले की दिवसभराचं औषध एका तासात अंगात जातं, म्हणून सकाळी घाम, कंप, प्रेशर. आणि पहाटेपर्यंत अंगात काहीच उरत नाही, म्हणून ते झटके. घोटायचं नाही, चावायचं नाही. तो रागावला होता, आणि त्याला भीतीही वाटली होती, हे तिला दिसलं.

"आपने बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा था? मैंने तो पहले दिन बोला, शहद के साथ."

डॉक्टरनं पडलेलं पेन उचललं. मग म्हणाला, "हाँ. पूछना चाहिए था." प्रेशर पुन्हा मोजलं, उतरलं होतं. कंपाची गोळी एकदम सोडायची नाही, पंधरा दिवसांनी बघू. थोडा घाम आणि तोंडाची कोरड कदाचित राहील. ते राहिलं तर तसं सांगायचं, मनानं काही करायचं नाही. शामलानं फी दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा कंपाउंडरनं उघडलेल्या दारातून हळू बाहेर पडली.

वहिनी शनिवारी रात्रीच्या गाडीनं आल्या. रविवारी संक्रांत. सकाळी नाना पाटावर बसले होते, वहिनी तिळाच्या वड्या थापत होत्या, आणि खल पुन्हा आपल्या जागी, मधाच्या बाटलीशेजारी आला होता. शामला जिना उतरून आली ती पट्ट्यांचा गठ्ठा घेऊनच. तिनं त्या वड्यांच्या ताटाशेजारी जमिनीवर मांडल्या, सगळ्या, दोन ओळींत.

"या तुम्ही होतात तेव्हाच्या," ती म्हणाली. "या तुम्ही नव्हतात तेव्हाच्या."

मग डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, कारण आवाज चढवायची गरज नव्हती. नाना मध्येच म्हणाले, "म्हणजे तू सहा दिवस ती हड्डी खात होतीस? माझ्या घरात?" त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. वहिनी पट्ट्यांवर वाकल्या होत्या. त्यांना नकाशा कळत नव्हता, पण वरची ओळ आणि खालची ओळ यांतला फरक कळायला ड्राफ्ट्समन व्हावं लागत नाही.

"मला मालूम नव्हतं," त्या म्हणाल्या.

तिथे थांबता आलं असतं. पण शामला ते वाक्य काल दुपारपासून मनात घासूनपुसून ठेवत होती, आणि असलं वाक्य एकदा तयार झालं की ते आत राहत नाही.

"तीन महिने रोज सकाळी तुम्ही मला विष घोटून घातलंत, वहिनी. आणि वर म्हणायचात, खल पुसून घ्या."

वहिनींनी पट्ट्या गोळा केल्या, तारखेप्रमाणे नाही पण नीट, आणि तिच्या हातात दिल्या. मग वड्या कापायला घेतल्या. दिवसभर हळदीकुंकवाला बायका आल्या, तिळगूळ वाटला गेला, गोड बोलायचे वायदे झाले, आणि त्या दोघी एकमेकींशी मिठापाण्यापुरतंही बोलल्या नाहीत. शामलाला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं.

सोमवारी सकाळी खल जागेवर नव्हता. तिनं साडेसहाला आपल्या खोलीत कॅप्सूल गिळली आणि कचेरी गाठली.

अकरा वाजता मानसिंगरावांनी तिच्यापुढे शीट टाकली. मुद्दाम निवडलेली होती: नाला सात वळणांचा, मध्ये दोन ठिकाणी फुटलेला. विभागातली सगळी माणसं हातातलं काम सोडून बघत होती. तिनं कापड ताणलं, पेन शाईत बुडवलं, निबेवरची जास्तीची शाई झटकली. तळहाताला घाम होता, तेवढा राहिला होता, तो तिनं पदराला पुसला. मग श्वास रोखला आणि नाला काढला. दोन वेळा पेन उचललं, जिथे नाला फुटतो तिथे. बाकी तो वरून खालपर्यंत गेला, कुणाच्याही शेतात न शिरता.

मानसिंगराव भिंग घेऊन फार वेळ बघत होते. चूक शोधणाऱ्या माणसाला चूक सापडली नाही की त्याचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला.

"औषध बदललंत वाटतं," ते शेवटी म्हणाले.

"नाही. घेण्याची रीत बदलली. तुम्हीही एखादी बदला."

यादीत तिचं नाव गेलं नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नाना बाहेर गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात पाय पसरून बसल्या होत्या, काल उरलेल्या वड्या डब्यात भरत. शामला दारात उभी राहिली. आज तिला कुणाला तरी सांगायचं होतं आणि सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

"नाव नाही गेलं," ती म्हणाली.

"बरं झालं." वहिनींनी मान वर केली नाही. पुढची वडी उचलत म्हणाल्या, "नुसतं एकशे आठ नाही घोटायची मी. एकशे आठ चांगल्या दिवसाला. तुमचा हात जास्त कापायचा ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनशे. म्हटलं, नीट घोटलं जात नसेल म्हणून गुण येत नसेल."

त्या वडी डब्यात ठेवत होत्या आणि त्यांचा उजवा तळवा दिसत होता. अंगठ्याखाली बत्त्यानं पडलेला घट्टा होता, पिवळट, मधोमध चिरलेला. शामलाच्या स्वतःच्या मधल्या बोटावर पेनाचा असाच घट्टा होता. तो व्हायला किती सकाळी लागतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. थंडीतल्या तीन महिन्यांच्या सकाळी, सोवळ्यात, गार फरशीवर, जिच्याशी धड बोलणं नाही अशा नणंदेसाठी. या घरात तिच्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं, आणि ते तिनं काल विष म्हणून तोंडावर फेकलं होतं. तिला रडू आलं नाही, लाज वाटली, इतकी की बसायला जागा शोधावी लागली. शाईची चूक ब्लेडनं खरवडता येते.

"वहिनी, काल मी वाईट बोलले," ती खाली बसून म्हणाली. "बोलायला नको होतं."

"बोललात," वहिनी म्हणाल्या. "आता ते राहणार."

त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि उठून दिवा लावायला गेल्या. शामला तिथेच बसून राहिली.

मंगळवारी सकाळी सहाला खालून हाक आली. शामला जिना उतरली. नाना पाटावर होते. वहिनी स्नान करून, सोवळ्यात, ओल्या केसांनी उभ्या होत्या, आणि त्यांच्या डाव्या हातात पाण्याचा पेला होता. उजवा तळवा त्यांनी पुढे केला. त्या चिरलेल्या घट्ट्यावर अख्खी कॅप्सूल होती, खोळीसकट.

"कुमुद!" नाना पाटावरून अर्धे उठले. "सोवळ्यात? हातात? ती हड्डी आहे!"

"ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नानांकडे वळूनही पाहिलं नाही.

शामला त्या तळव्याकडे बघत उभी होती.

"वन्सं, गिळा लवकर," वहिनी म्हणाल्या. "मला हात धुवायचेत."